पाळायचं असेल, तर दवाखान्यासकट पाळा

आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या दोन मोठ्या देवस्थानांत देवासोबत कुत्रं असतं. माहूरच्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री दिसतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबासोबतही कुत्रं असतं, आणि त्याचे वाघे तर स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतात. माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बरोबरीनं कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. देवणी गाय लातूरची, लाल कंधारी नांदेडची. थोडक्यात, जनावरं सांभाळणं आपल्याला कुणी शहरातून येऊन शिकवायची गरज नाही.

तरीही एक गोष्ट आठवून पाहा. गाईनं सकाळी कडब्याला तोंड लावलं नाही, तर संध्याकाळच्या आत डॉक्टर गोठ्यात येतात. घरच्या कुत्र्यानं दोन दिवस भाकरी खाल्ली नाही, तर आपण काय म्हणतो? "पडू दे, होईल बरं." मांजर चार दिवस दिसली नाही, तर "गेली असेल कुठं तरी." गाईला किंमत आहे, ती दूध देते, म्हणून तिला डॉक्टर. कुत्र्या-मांजराची बाजारात किंमत नाही, म्हणून त्यांना डॉक्टर नाही. हिशोब सरळ वाटतो, पण तो चुकीचा आहे. का चुकीचा, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. मग कुत्र्या-मांजरांवर का लिहायचं? कारण त्यांची हेळसांड झाली, की तिचा शेवट बऱ्याचदा माणसांच्या दवाखान्यात होतो. कुत्रं चावलेलं पोर, मांजरीच्या पिल्लापासून अंगभर गजकर्ण झालेली मुलगी, घरातल्या मांजरीमुळे घाबरून गेलेली गरोदर सून, हे सगळे आमच्याच ओपीडीत येतात. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: कुत्रं पाळा, मांजर पाळा, आनंदानं पाळा, पण दवाखान्यासकट पाळा. ते जमत नसेल तर पाळू नका.

"गावरान कुत्र्याला काही होत नाही"

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. गावरान कुत्रं काटक असतं, यात शंका नाही. आपलं ऊन ते विदेशी जातीच्या कुत्र्यापेक्षा जास्त सोसतं. पण "काही होत नाही" असं आपल्याला वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. एका कुत्रीला सहा पिल्लं होतात. त्यातली एक-दोनच वर्षभर टिकतात. बाकीची रक्ताची हगवण लागून, गाडीखाली येऊन किंवा उपासमारीनं जातात. त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. जी जगली, ती आपल्यासमोर शेपूट हलवत उभी राहतात आणि आपण म्हणतो, बघा, किती काटक!

ती रक्ताची हगवण बहुतेक वेळा पार्व्हो नावाच्या विषाणूमुळे होते. पिल्लू सुस्त पडतं, उलट्या करतं, मग घाण वासाची रक्तमिश्रित जुलाब सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. या आजाराला लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस द्यायचा. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी, ते सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुढचे डोस द्यायचे. एक डोस देऊन थांबलेले लोक बरेच असतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिल्या डोसाचं काम अर्धवट करते, म्हणून पुढचे डोस लागतात. तुमच्या नातवाला पोलिओचा एकच डोस पाजून तुम्ही थांबला नव्हता, तसंच हे आहे.

कुत्र्याची लस म्हणजे तुमच्या लेकराची लस

आता सगळ्यात महत्त्वाच्या विषयाकडे येतो. रेबीज, म्हणजे आपण ज्याला कुत्रं पिसाळणं म्हणतो तो आजार. माणसाला एकदा लक्षणं सुरू झाली, पाण्याची भीती वाटू लागली, घसा आवळू लागला, की जगातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात त्यावर खात्रीचा इलाज नाही. रोगी जवळजवळ नक्कीच दगावतो. आणि त्याच वेळी हा आजार जवळजवळ शंभर टक्के टाळता येतो. इतका भयंकर आणि इतका टाळता येण्यासारखा दुसरा आजार मला माहीत नाही.

माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार संशयित जनावर चावलेल्यांमध्ये सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. याची कारणं उघड आहेत. पोरं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीची असतात, ती पळतात, पिल्लं उचलतात. आणि एक कारण आपल्या घरातलं आहे: पोरं सांगत नाहीत. "कुत्र्याच्या नादी लागलास कशाला?" म्हणून पाठीत धपाटा बसेल, या भीतीनं पोर ओरखडा शर्टाखाली लपवतं. म्हणून घरात एक नियम करा. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, असं लेकरानं येऊन सांगितलं, की आधी त्याला शाबासकी द्यायची. रागवायचं असेल तर आठवड्यानं रागवा.

घरच्या कुत्र्याला तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची लस द्या आणि नंतर दरवर्षी पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं पुन्हा द्या. मांजरीलाही हेच लागू आहे. मांजरीलाही रेबीज होतो आणि तिच्या चावण्यातून, ओरखड्यातून तो माणसाला होऊ शकतो, हे ऐकून अजूनही लोक चकित होतात. लस दिल्याचं कार्ड सांभाळून ठेवा. ते रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे वेळेवर सापडेल.

आणि चावलंच तर काय करायचं?

पहिलं, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. विषाणू जखमेतच असतो आणि साबण त्याला मारतो. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, जो हाताला लागेल तो चालतो. दुसरं, जखमेवर मिरची, हळद, चुना, तंबाखू, रॉकेल, झाडपाला काहीही लावायचं नाही. घट्ट पट्टीही बांधायची नाही. तिसरं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. कातडीतून दिली तर ती ०, ३, ७ आणि २८ या दिवशी देतात. दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी गोष्ट झाली. ती लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. तिच्या भीतीनं आज घरी बसणं म्हणजे मेलेल्या सापाला घाबरून जिवंत सापावर पाय देणं.

चौथी गोष्ट अनेकांना माहीत नसते. जखमेतून रक्त आलं असेल, किंवा फाटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल, तर नुसती लस पुरत नाही. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात. तोपर्यंतच्या संरक्षणासाठी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या आत आणि आजूबाजूला द्यावं लागतं. गावातल्या उपकेंद्रात ते नसेल, तर मोठ्या रुग्णालयात पाठवा, असं तुम्ही स्वतः म्हणा. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. आधी फोन करून उपलब्धतेची चौकशी केली तर फेरा वाचतो. गरोदर बाईला, बाळंतिणीला, तान्ह्या बाळालाही ही लस देता येते. "पोटात बाळ आहे, कशी देणार?" म्हणून थांबू नका.

चावलेलं कुत्रं घरचं असेल तर त्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, हे खरं आहे. पण लक्ष ठेवायचं म्हणजे लस थांबवायची, असा त्याचा अर्थ नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल, तर पुढच्या डोसांचं काय करायचं, ते डॉक्टर ठरवतील. आणि चावलेल्या कुत्र्याला लगेच मारून टाकू नका. ते मेलं की लक्ष ठेवायला काही उरत नाही, आणि तुमच्याच पेशंटबद्दलची एक महत्त्वाची खूण आपण गमावतो.

आपलं ऊन आणि त्यांचं अंग

मराठवाड्यातला मे महिना मी तुम्हाला वेगळा सांगायला नको. पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा आपण डोक्याला उपरणं बांधतो, माठातलं पाणी पितो आणि घाम गाळून अंग थंड ठेवतो. कुत्र्याला हा घामाचा मार्ग जवळजवळ बंद असतो. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गादीत असतात. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. पत्र्याच्या शेडखाली साखळीनं बांधलेलं कुत्रं दुपारी दोन वाजता काय भोगत असेल, याचा अंदाज यावरून करा. त्यात पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर त्याला धड धापाही टाकता येत नाहीत. हस्की, सेंट बर्नार्ड ही तर बर्फातली कुत्री. ती लातूर-नांदेडात हौसेनं आणली जातात आणि उन्हाळाभर तळमळतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्या घरात दिवसभर गारवा ठेवण्याची सोय नाही, त्यांनी ही कुत्री आणू नयेत. आपला गावरान कुत्रा राखणही करतो आणि आपल्या हवेत रुळलेलाही असतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे हात लावून "ताप आहे वाटतं" असं ठरवू नका. पण जोरजोरात धापा, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी आणि मग कोसळणं, ही उष्माघाताची लक्षणं आहेत. अशा वेळी आधी सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा. शुद्धीत असेल तरच पाणी प्यायला द्या, जबरदस्तीनं तोंडात ओतू नका. अंग थोडं गार झालं की दवाखान्यात न्या, आणि वाटेतही अंग ओलं ठेवा. आधी गार करणं आणि मग नेणं, हा क्रम लक्षात ठेवा.

फिरवायला नेताना तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर टेकवून पाहा. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही तिथं भाजणार. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री फिरवा.

आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घागरभर पाण्याची किंमत या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. पण अशा दिवसांत आखाड्यावरच्या कुत्र्याला आणि माळवदावरच्या मांजरीला पाणी मागता येत नाही, एवढं लक्षात असू द्या. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा. दिवसातून दोनदा धुऊन पाणी बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यूचे पेशंट पुन्हा आमच्याकडे!

ताटातलं उरलेलं

कुत्र्याला भाकरी-दूध आणि मांजरीला दूध-पोळी ही आपली पिढीजात पद्धत. त्यात माया आहे, पण पोषण अपुरं आहे. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना आणि मांजरांना दूध नीट पचत नाही. पातळ शी होत राहते आणि आपण म्हणतो, "याचं पोटच नाजूक." भाकरी द्या, पण सोबत अंडं, शिजवलेलं मांस किंवा बाजारातलं तयार खाद्य असू द्या. शिजवलेली हाडं देऊ नका. विशेषतः कोंबडीची शिजलेली हाडं टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

मांजरीचा मुद्दा जरा नाजूक आहे. आपल्याकडे अनेक घरं पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्या घरांत मांजरंही आहेत. कुणाच्या आचाराला बोट लावायचा माझा हेतू नाही. पण मांजर हा निसर्गानंच मांसाहारी केलेला प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो. तो फार काळ मिळाला नाही, तर तिची नजर जाते आणि हृदय कमकुवत होतं. गावातली मांजर उंदीर मारून ही भरपाई करते. फ्लॅटच्या बंद दारातली मांजर कशी करणार? स्वयंपाकघरात मांस शिजवायचं नसेल, तर तयार मांजर-खाद्य आणा. त्यात टॉरिन घातलेलं असतं. तेही घरात चालत नसेल, तर मांजर न पाळणं हाच तिच्यावरचा उपकार.

काही पदार्थ कुत्र्या-मांजरांना थेट विषारी आहेत. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेटही नको. आता आपल्या घरातलं चित्र पाहा: उरलेला कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतून रोज कुत्र्याला, सत्यनारायणाच्या शिऱ्यातले मनुके प्रसाद म्हणून. येळवशीला शेतात भज्जी खाताना राखणीच्या कुत्र्यालाही वाढावंसं वाटतं, तेव्हा त्याच्यासाठी लसूण-पात घालण्याआधीच थोडे नुसते शिजलेले दाणे बाजूला काढा. सणाचा घास त्यालाही मिळेल आणि त्रासही होणार नाही.

आमची गोळी त्यांना देऊ नका

यावर मला माणसांचा डॉक्टर म्हणून ठासून बोलायचं आहे. घरातल्या डब्यात पॅरासिटामॉलची पट्टी असते. मांजर सुस्त दिसली की "अर्धी गोळी देऊन बघू" असं कुणीतरी म्हणतं. मांजरीच्या यकृतात हे औषध निकामी करणारी यंत्रणा फार तोकडी असते. एका गोळीनंही मांजर मरू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. मेडिकलवाल्याला "कुत्र्यासाठी काहीतरी द्या" असंही म्हणू नका.

दुसरी सवय शेतकरी घरांतली. कापसावर, सोयाबीनवर फवारायचं औषध घरात असतंच. कुत्र्याला गोचीड झाले की तेच पाण्यात टाकून त्याला आंघोळ घालतात किंवा बोळ्यानं अंगाला पुसतात. गोचीड मरतात, कधी कधी कुत्रंही मरतं. अंग चाटताना विष पोटात जातं, कातडीतूनही शिरतं. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. आणि ते पुसणाऱ्या माणसाच्या हातांनाही तेच विष लागतं, पोर त्याच कुत्र्याला मिठी मारतं. गोचिडाचं औषध पशुवैद्यकांनी दिलेलंच वापरा. कुत्र्यासाठीचं औषध मांजरीला मुळीच लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजरीला मारक ठरतं.

गोचीड नुसतं रक्त पीत नाही, ते तापही देतं. गोचीडताप झालेल्या कुत्र्याचं खाणं सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, काहींच्या नाकातून रक्त येतं. वेळेवर निदान झालं तर हा आजार गोळ्यांनी बरा होतो. म्हणून "उष्णता झाली असेल" म्हणून आठवडा घालवू नका.

जंत, मांजर आणि गरोदर सून

जंताचं औषध पिल्लांना दर पंधरा दिवसांनी, मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी, पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं द्या. मटणाच्या दुकानाबाहेर फेकलेली कच्ची आतडी-फुप्फुसं कुत्र्याला खाऊ देऊ नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक लहानसा फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून मातीत येतात आणि आपल्या पोटात गेली, तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. काही वेळा ऑपरेशन करावं लागतं. कुत्र्याशी खेळून झालं की हात धुणं, एवढ्या साध्या सवयीनं हे टळतं.

घरात कुणाला दिवस गेले की मांजरीला पोत्यात घालून लांब सोडून येण्याची घाई होते. भीती टोक्सोप्लाझ्माची असते. हा आजार खरा आहे, पण त्यावर मांजर हाकलणं हा उपाय नाही. गरोदर बाईनं मांजरीची शी स्वतः साफ करू नये, ती दुसऱ्यानं रोजच्या रोज काढावी, कारण ताज्या शीतली अंडी संसर्ग करायला साधारण एक दिवस तरी घेतात. बागेत काम केल्यावर हात धुवावेत, भाज्या-फळं धुऊन खावीत, मांस पूर्ण शिजवावं. कच्च्या मांसातून आणि मातीतूनही हा संसर्ग होतो, आणि तिथं मांजरीला दोष देऊन काही साधत नाही.

"हे श्रीमंतांचे लाड आहेत"

मला माहीत आहे, इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, "डॉक्टर, इथं माणसाला वेळेवर दवाखाना मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याचं काय सांगता? सोयाबीनला भाव नाही, आणि लस कुठून आणू?" हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. दुष्काळ आणि कर्ज पाहिलेल्या भागात तो विचारला जाणारच.

पण हिशोब मांडून बघा. कुत्र्याची वर्षाची रेबीजची लस आणि घरातल्या एकाला कुत्रं चावल्यावर चार-पाच वेळा शहराला मारलेल्या खेपा, बुडालेली मजुरी, एसटीचं तिकीट, जिवाला लागलेला घोर. यांतलं स्वस्त काय? लाड म्हणजे केक कापणं, कपडे शिवणं. लस, जंताचं औषध, पाणी आणि सावली हे लाड नव्हेत, ती पाळण्याची किमान अट आहे. पैसे कमी असतील तर क्रम ठरवा: आधी रेबीजची लस, मग जंताचं औषध, मग नसबंदी. पाणी, सावली आणि आपली गोळी न देणं, यांना तर पैसाच लागत नाही.

सोयही अगदीच नाही असं नाही. आपल्या भागात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे. तिथं गाई-म्हशींचं काम जास्त असतं, हे खरं. पण आपण कुत्रं-मांजर घेऊन गेलोच नाही, तर तिथं त्यांची लस ठेवण्याची मागणी कुठून होणार? ग्रामपंचायतीच्या सभेत रस्ता आणि पाण्याबरोबर एक ठराव कुत्र्यांच्या लसीकरण शिबिराचाही मांडा.

मारून भागत नाही, लस देऊन भागतं

मोकाट कुत्र्यांचा राग मला समजतो. पहाटे शाळेला निघालेल्या मुलांच्या मागं टोळकं लागतं, तेव्हा कुणालाही राग येईल. पण यातली बरीच कुत्री आपणच रस्त्यावर आणली आहेत. कुत्री व्याली की पिल्लं बाजाराच्या दिवशी पोत्यातून नेऊन सोडायची, घर बदललं की कुत्रं मागंच ठेवायचं, ही आपली रीत. नसबंदी केली असती तर ती पिल्लं झालीच नसती, आणि कुत्रीला गर्भाशयाच्या व स्तनांच्या आजारांचाही धोका कमी झाला असता. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक संस्थांची आहे. ती त्यांनी पार पाडावी म्हणून आपण मागं लागलं पाहिजे. पण घरच्या कुत्रीची नसबंदी नगरपालिका करणार नाही. ती आपली जबाबदारी.

हे जमतं का? शेजारच्या गोव्यानं करून दाखवलं आहे. तिथं सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून वर्षानुवर्षं गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळांत मुलांना कुत्र्याशी कसं वागायचं ते शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर द्यायला यंत्रणा उभी केली. प्रदेशातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, की रेबीजची साखळी तुटते, हे त्यामागचं शास्त्र. कुत्र्यांमधला रेबीज झपाट्यानं खाली आला आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. देशानंही २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं ठरवलं आहे. गोवा लहान आहे, आपला मुलूख मोठा आहे, मान्य. पण आपलं एक गाव गोव्यापेक्षा कितीतरी लहान आहे. एका गावातली शंभर कुत्री मोजून सत्तरांना लस द्यायला फार तर दोन-तीन दिवस लागतील.

आजच करायच्या गोष्टी

- घरच्या कुत्र्या-मांजराचं लसीचं कार्ड शोधा. सापडलं नाही, तर लस झालेलीच नाही असं समजून पशुवैद्यकांकडे जा.
- पशुवैद्यकांचा फोन नंबर तुमच्या डॉक्टरांच्या नंबरशेजारी लिहून ठेवा.
- सावलीत पाण्याचं भांडं ठेवा.
- गोळ्यांचा डबा आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा.
- मुलांना तीन गोष्टी शिकवा: खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याच्या जवळ जायचं नाही, अंगावर आलं तर पळायचं नाही, स्तब्ध उभं राहायचं, आणि चावलं, ओरबाडलं तर लगेच घरी सांगायचं.

पोळ्याला आपण बैलाला न्हाऊ घालतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी भरवतो. वर्षभर राबलेल्या मुक्या जिवाचं देणं त्या दिवशी फेडतो. दारातलं कुत्रं रात्रभर जागतं, मांजर धान्याची कोठी राखते. त्यांच्यासाठी वेगळा सण काढायला नको. वर्षातून एक दिवस त्यांना घेऊन दवाखान्यात जा. त्यात त्यांचं भलं आहे आणि तुमच्या घरातल्या लेकरांचंही.